सारवणाचा तास

शाळांच्या इमारतींना हरित प्रमाणपत्र मिळवून देणं हा माझ्या पोटापाण्याच्या उद्योगाचा एक भाग आहे. आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. एक लांबलचक तक्ता असतो. पावसाचं पाणी किती मुरवलं, पश्चिमेची भिंत कशानं झाकली, विटा किती लांबून आणल्या, छपराच्या किती भागावर सौर पॅनेल बसवले. प्रत्येक गोष्टीला गुण. गुणांची बेरीज जमली की तारे मिळतात, ताऱ्यांची पाटी फाटकाशी लागते आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकात झाडाखाली गोल करून बसलेल्या मुलांचा फोटो येतो.

तक्त्याला नावं ठेवायची नाहीत मला. त्याच्या धाकानं काही संस्थाचालकांनी पश्चिमेला काचेची भिंत उभारायचा हट्ट सोडलेला मी पाहिला आहे. पण मी भरते त्या तक्त्यात एक रकाना नाही. ही इमारत रोज झाडणार कोण, पावसाळ्याआधी छपरावर चढणार कोण आणि संडास धुणार कोण, हे तिथे विचारलेलं नसतं. मीही कधी विचारलं नव्हतं. सेवाग्रामला जाईपर्यंत त्याची गरजच वाटली नाही.

माझं माहेर नागपूरचं, त्यामुळे बापू कुटी, म्हणजे सेवाग्रामातली गांधीजींची झोपडी, शाळेच्या सहलीतच बघून झालेली. रांगेनं आत जायचं, बाईंनी दाखवलेलं आसन बघायचं, बाहेर येऊन पिंपळाखाली डबे उघडायचे. त्या वयात भिंतीकडे कोण बघतं? पुढे भिंती हाच धंदा झाल्यावर एका मे महिन्यात मुद्दाम गेले. मे महिन्यात वर्ध्यात पारा 45 च्या पुढे सहज जातो. स्टेशनवरून रिक्षात बसले तर लोखंडी दांड्याला हात लावायची सोय नव्हती. भर दुपारी कुटीत शिरले आणि आधी काही दिसेना, बाहेरच्या उजेडानं डोळे दिपले होते. मग पायांना कळलं. जमीन गार होती.

ही जादू नाही, साधं गणित आहे. मातीची जाड भिंत ऊन सावकाश पिते. बाहेरच्या अंगाला लागलेली दुपारची धग आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र पडते, आणि रात्री दारं-खिडक्या उघडी असतात. पुढे आलेल्या छपरामुळे भिंतीवर सरळ ऊन फारसं पडतच नाही. वरती बांबू आणि त्यावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा निसटून जाते. सिमेंटच्या स्लॅबखाली पंखा लावला की वरची गरम हवा खाली येते, एवढाच फरक. विदर्भातल्या प्रत्येक जुन्या घरात हे शहाणपण होतं. आर्वीकडच्या माझ्या आजोळीही होतं, आणि आम्ही पोरं त्या घराला ‘पडकं’ म्हणायचो.

गांधीजी इथे पहिल्यांदा आले ते 30 एप्रिल 1936 ला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून 1940 मध्ये सेवाग्राम झालं. झोपड्या बांधताना त्यांची अट होती की खर्च मोजका हवा, सामान आसपासचं आणि हात गावातले. त्यांच्या शिष्या मीराबेननी भिंतींच्या मातीतच ताडाची झाडं उठवली, ती अजून आहेत. 1978 च्या जानेवारीत इव्हान इलिच इथे आला होता. शाळा नावाच्या व्यवस्थेवर तुटून पडलेला हा विचारवंत काही वेळ या कुटीत बसला, आणि मग तिथल्या एका परिषदेतल्या भाषणात कुटीबद्दलच बोलला. त्याच परिसरात एक शाळा भरायची आणि पुन्हा भरणार होती, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

ती शाळा नई तालीमची, म्हणजे गांधीजींनी मांडलेल्या शिक्षणपद्धतीची. तिची जन्मकथा अनेकांना पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपुरती माहीत असते: 22 आणि 23 ऑक्टोबर 1937, वर्ध्याची शिक्षण परिषद, अध्यक्ष गांधीजी. तिथे मांडलेली गोष्ट मात्र आजही पचायला जड आहे. शिक्षण मातृभाषेतून द्यावं इथपर्यंत सगळे मान डोलवतात. पुढची कल्पना अशी की हस्तोद्योग हा इतर विषयांच्या शेजारी बसवलेला आणखी एक विषय नसावा, बाकीचे विषयच त्या उद्योगातून शिकवावेत. आणि मुलांच्या हातून होणाऱ्या उत्पादनातून शाळेच्या खर्चाचा काही भार निघावा. या शेवटच्या मुद्द्यावर परिषदेतच खटके उडाले. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी हरकत घेतली की मुलांच्या हातचा माल बाजारात उतरला तर ज्या कारागिराचं पोट त्यावर आहे त्याचं काय? आक्षेप खरा होता. परिषदेनं नेमलेल्या झाकीर हुसेन समितीनं अभ्यासक्रम तयार केला, 1938 च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसनं तो उचलून धरला, आणि आर्यनायकम दांपत्यानं सेवाग्रामात शाळा उभी केली. तो सिलोनचा, ती बंगाली, दोघंही शांतिनिकेतनात शिकवून आलेली. वऱ्हाडी पोरांपुढे ही दोघं कशी उभी राहिली असतील, याचं मला फार कुतूहल आहे.

पुढे देशभर बुनियादी, म्हणजे नई तालीमच्या, शाळांचं पीक आलं आणि गेलं. आपल्याकडच्या काही जि. प. शाळांच्या पाट्यांवर अजून ‘जीवन शिक्षण’ हे शब्द दिसतात, ते त्या काळाचे. माझ्या वडिलांना शाळेत सूतकताईचा तास होता; टकळी फिरवण्यापेक्षा एकमेकांच्या पाठीत टोचण्यासाठी जास्त वापरली, असं ते सांगतात. नंतर कोठारी आयोगानं कामाचा अनुभव हवा म्हटलं आणि आमच्या वाट्याला ‘कार्यानुभव’ आला. कार्यानुभव म्हणजे काय, हे ज्यांनी पुठ्ठ्याचं घर आईकडून करवून घेऊन शाळेत नेलं आहे त्यांना समजावून सांगायला नको.

सेवाग्रामची मूळ शाळाही पुढे बंद पडली. 2005 मध्ये नई तालीम समितीनं त्याच परिसरात आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. आसपासच्या खेड्यांतली, शेतकऱ्यांची, मजुरांची, छोट्या नोकरदारांची मुलं तिथे येतात. शेती, स्वयंपाक, शिवण, सूतकताई ही कामं वेळापत्रकात आहेत, शनिवारची करमणूक म्हणून नाहीत.

इमारत पाहायची तर उन्हाळ्यात जावं आणि शाळा पाहायची तर थंडीत. थंडीत गेले तेव्हा वाफ्यांत पालक-मेथी होती. एका वाफ्याशी चार-पाच मुलं टेप धरून भांडत होती. वाफा आयताकृती नव्हता, एका बाजूला निमुळता होत गेला होता, आणि त्याचं क्षेत्रफळ काढल्याशिवाय किती बी लागेल ते ठरत नव्हतं. समलंब चौकोनाचं सूत्र मी सातवी-आठवीत पाठ केलं, मार्क मिळवले आणि पुढची कित्येक वर्षं कशासाठी असतं ते कळलं नाही. इथे ते अडलेलं होतं. भांडण मिटवायला सूत्र लागणार होतं.

आत एक मुलगी टकळीवर सूत काढत होती. मी तिचा पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, हातात घेतला आणि पहिल्याच ओढीला धागा तुटला.

“ताई, पेळू असा आवळून नाही धराचा. तुटते.”

ती बोलता बोलता कातत होती, मी श्वास रोखून. हे काम दिसतं तेवढं बापुडवाणं नाही. जुन्या खादीच्या हिशेबात एक तार चार फुटांची, आणि 640 तारांची एक गुंडी. म्हणजे 2,560 फूट, पाऊण किलोमीटरहून जास्त धागा. त्या गुंडीचं वजन केलं की सुताचा अंक निघतो: तेवढ्याच लांबीचं सूत जितकं हलकं तितकं बारीक, आणि अंक तितका मोठा. व्यस्त प्रमाण शिकवायला याहून चांगली सोय मला माहीत नाही. पेळू आला कुठून, म्हटलं की शेतात जावं लागतं, सरकी काढावी लागते. सरकी काढलेल्या रुईमागे गेलं की इतिहास लागतो: जवळच्याच हिंगणघाटचा कापूस विलायतेत नावाजलेला होता, 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. मग रेल्वे, मग जिनिंग-प्रेसिंग, मग युद्ध संपून कोसळलेला भाव. आणि ज्या मुलांच्या घरी आज कापसाच्या भावावर रात्री उशिरापर्यंत बोलणं चालतं, त्यांना हा इतिहास कुणी वेगळा रंजक करून सांगावा लागत नाही.

आता इमारतीकडे येते, कारण मला सांगायचंय ते तिथे आहे.

मातीचं घर बांधून संपत नाही. आमच्या धंद्यातली माणसं हे कबूल करायला कचरतात. काळी माती भिंतीला चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून शेतं काळीत आणि घरं पांढरीत, ही जुन्या गावांची वाटणी. भिंतीची माती निवडून आणायची, तिच्यात गवताचा भुसा घालायचा, पायांनी तुडवायची, मुरू द्यायची. भिंत उभी राहिली की दरवर्षी लिंपण, ठरावीक दिवसांनी जमिनीला शेणाचं सारवण. मृग लागायच्या आत कवेलू फेरायचे, कारण वर्षभरात वानरांनी निम्मे सरकवलेले आणि काही फोडलेले असतात. बांबूला वाळवी लागते. उंदीर बीळ करतात. एक पावसाळा दुर्लक्ष झालं की भिंतीच्या पायाशी ओल चढते आणि पोपडे सुटतात. आजी म्हणायची, घर रोज थोडं थोडं मागते, द्याचं त्याले.

म्हणून माझ्यापुढे बसलेला प्रत्येक संस्थाचालक पहिल्या बैठकीत एकच शब्द बोलतो: मेन्टेनन्स-फ्री. फरशी अशी द्या की पुसली की झालं. रंग असा द्या की दहा वर्षं बघायला नको. मी त्यांना दोष देत नाही, शाळा चालवणं अवघड काम आहे. पण सेवाग्रामच्या त्या परिसरात हिंडताना माझ्या ध्यानात आलं की आपण जिला कटकट म्हणून इमारतीतून हद्दपार करतो, नेमकी तीच तिथे शाळेच्या वेळापत्रकात बसवायची रीत आहे. भिंतीला ओल का चढली? केशाकर्षण. सारवणात शेण का घालतात? नुसती माती घातली तर काय होतं? घालून बघा. एक कवेलू दुसऱ्यावर किती चढवायचा? कमी चढवला तर गळतं, जास्त चढवला तर वजन वाढतं आणि कवेलू जास्त लागतात. ज्या इमारतीला काहीच लागत नाही, ती मुलांना काही शिकवतही नाही. ती फक्त त्यांना आत ठेवते.

पुण्याजवळ एका शाळेनं मातीच्या भिंती हौसेनं बांधल्या. देखणं काम, मीही त्यात थोडी होते. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिथे लिंपण होतं, कंत्राट देऊन. सुट्टीतच का, तर मुलांचे गणवेश खराब होऊ नयेत. काम करायला येतात ती मराठवाड्यातली कुटुंबं, शाळेच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोपटात राहतात, आणि त्यांची पोरं आईच्या मागे मातीत खेळत असतात. सुट्टी संपून शाळा भरली की शाळेतल्या मुलांसाठी ‘मातीकाम कार्यशाळा’ होते, तिचे वेगळे पैसे. त्या शाळेला तारे पूर्ण मिळाले. तक्ता मीच भरला होता.

याच्या उलट बाजूला तर आणखी विचित्र चित्र आहे. सरकारी घरकुल मिळायचं तर आधी घर कच्चं असल्याचं दाखवावं लागतं, आणि मातीची भिंत हा कच्चेपणाचा पुरावा. त्यामुळे गावात मातीची भिंत म्हणजे गरिबीची खूण आणि शहरालगत मातीची भिंत म्हणजे अभिरुचीची. ज्याच्याकडे पक्कं घर आहे त्यालाच मातीची हौस परवडते. कवेलू करणारे कुंभार कमी होत चालले आहेत, कारण गावात पत्रा आला. वर्ध्याच्याच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं कुंभाराच्या चाकावर होणाऱ्या शंकूच्या आकाराच्या नळ्या एकमेकींत अडकवून कमानीचं छप्पर करायची पद्धत बसवली. कुंभाराला काम आणि घराला गारवा. पण घरकुलाचा हप्ता घ्यायला आलेल्या माणसाला स्लॅब हवा असतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही तोच हवा असता.

परतताना एसटीत शेजारी बसलेल्या एका बाप्यानं विचारलं, कुठं गेल्ता. मी उत्साहानं सांगायला लागले, मुलं भाजी पिकवतात, सूत काततात, आपली जागा आपण झाडतात. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“आमची पोरगी वावरात करतेच ना काम, बाई. झाडू बी मारते घरी. शाळेत बी तेच शिकाचं, तं मंग शाळा कावून?”

याला उत्तर देता आलं नाही मला. अजूनही सरळ उत्तर नाही. नई तालीम का टिकली नाही याची कारणं देताना नोकरशाहीची अनास्था, अपुरे शिक्षक, इंग्रजीची ओढ असं बरंच काही लिहिलं गेलं आहे. त्या बाप्याचं वाक्य मात्र मला या सगळ्यांपेक्षा वजनदार वाटतं. बाबासाहेबांच्या चळवळीनं विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत सांगितलं होतं की मेलेली ढोरं ओढणं सोडा, जातीनं गळ्यात बांधलेली कामं सोडा, शिका. ज्यांनी ती कामं टाकून देऊन हातात पाटी घेतली, त्यांच्या नातवंडांना शाळेत झाडू द्यायचा? तो झाडू शाळेच्या लेखी समतेचा असेल. आजीच्या लेखी तो झाडूच असतो.

इथे मला कोकणातल्या गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण होते. 1932 मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. संडास सफाईचं काम मला द्या, अशी त्यांनी मागणी केली. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून ती नाकारली गेली, तर त्यांनी उपास धरला, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं सोनखत करणारे संडास बसवले. गोपुरी संडास म्हणून ते ओळखले गेले. फार मोठा माणूस. तरीही त्या प्रसंगात एक गोष्ट मला खुपत राहते. जे काम मागण्यासाठी एकाला उपास करावा लागला, तेच सोडण्याची दुसऱ्याला मुभा नव्हती. हौसेनं घेतलेला झाडू आणि जन्मानं मिळालेला झाडू एकाच खुंटीला टांगले तरी एक होत नाहीत.

मग शाळेनं काय करावं? मला वाटतं, सगळं पाळीवर येऊन थांबतं. पाळी सगळ्यांची असावी, तिच्यातून शिक्षक सुटू नयेत, मुख्याध्यापक सुटू नयेत, पाहुणाही सुटू नये. गांधीजींच्या आश्रमात संडास साफ करायची पाळी सगळ्यांवर येत असे. एकाची जरी पाळी गुपचूप दुसऱ्याकडे सरकली तरी सगळा खेळ मोडतो आणि जुनीच उतरंड नव्या नावानं उभी राहते. आणि दुसरी गोष्ट, काम तिथेच संपू नये. ज्या मुलीनं खताचा खड्डा भरला तिनं त्याचं तापमान मोजावं, ते का वाढतं ते शोधावं, तक्ता करावा आणि पुढच्या वर्गाला समजावून सांगावं. शेतात आईबरोबर निंदण करताना हे घडत नाही, तिथे मजुरी कापली जाण्याची भीती असते. त्या बाप्याला मी हे सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, दहावीचं काय? तेही बरोबर. आनंद निकेतन दहावीपर्यंत आहे, आणि त्याला माझ्या मते हेच कारण आहे: प्रमाणपत्राकडे पाठ फिरवणं ज्याला परवडतं त्यानं फिरवावं, खेड्यातल्या मुलीच्या जिवावर ती चैन करू नये.

महाराष्ट्रात या प्रश्नाशी झुंजलेली आणखीही माणसं आहेत. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं चारायला जायची. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. झाडाखाली फळा, गुरांवर एक डोळा. पर्यावरणस्नेही शाळेचा सगळ्यात स्वस्त नमुना कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. पण मग माझ्या धंद्याचं काय, हा प्रश्न उरतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळला 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लीव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून हा माणूस अवर्षणाच्या गावात आला आणि शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेची कामं शिकवू लागला. ती मुलं गावातल्या लोकांची कामं पैसे घेऊन करायची. इमारतीही त्यांच्याच हातच्या: त्रिकोणी सांगाड्यांचे घुमट, पाबळ डोम. पैसे घेऊन, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. कामाचं मोल ठरलं की ते संस्कार म्हणून फुकटात करवून घेता येत नाही. के. टी. शाहांच्या हरकतीला पाबळनं आपल्या परीनं दिलेलं हे उत्तर म्हणायला हरकत नाही.

सध्या माझ्याकडे एका लहानशा शाळेचं काम आहे, डोंगराच्या पायथ्याशी, सातवीपर्यंतची. विश्वस्त भली माणसं आहेत. आराखड्यासोबत मी यावेळी एक जादा कागद जोडला, वर्षाचं वेळापत्रक. जूनच्या आधी छपराची पाहणी, पाचवी ते सातवी, शिक्षकांसह. पावसाळ्यात भिंतीच्या पायाशी ओल किती वर चढते त्याची दर आठवड्याला नोंद. दिवाळीच्या सुट्टीआधी लिंपण, सगळी शाळा. महिन्याला दोनदा सारवण. स्वयंपाकघरातली मदत पाळीनं. संडास पाळीनं, मुख्याध्यापकांपासून सुरुवात.

बैठक लांबली. लिंपणावर एकजण म्हणाले की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वादळ होईल, पण मग स्वतःच म्हणाले, होऊ दे. छपरावर मुलांनी चढायचं नाही, खालून शिडीपर्यंत, असं ठरलं; ते योग्यच. ओलीची नोंद विज्ञानाच्या बाईंना इतकी आवडली की त्यांनी त्यात पर्जन्यमापकही जोडला. संडासाची ओळ वाचल्यावर कुणी विरोध केला नाही. फक्त कागद बाजूला ठेवला गेला, चहा आला, आणि इतिवृत्तात ती ओळ उतरली नाही. त्यासाठी जवळच्या वस्तीतल्या दोन बायकांची नेमणूक झाली आहे. मी तिथेच बोलायला हवं, असं वाटलं, आणि बोलले. अध्यक्ष म्हणाले, पहिल्या वर्षी एवढं पुरे, पुढच्या वर्षी बघू. मी पुढच्या वर्षीच्या बैठकीसाठी तो कागद जपून ठेवला आहे, मुख्याध्यापकांच्या सहीसकट. त्यांनी कुणाला न विचारता सही करून टाकली होती.

त्या दोघींपैकी एकीनं नेमणुकीच्या वेळीच विचारलं की माझ्या पोरीला इथे घ्याल का. तिला पहिलीत प्रवेश मिळाला. ऑक्टोबरात सगळी शाळा भिंती लिंपेल तेव्हा ती मुलगीही कोपरापर्यंत मातीत हात घालून उभी असेल, आणि तिची आई पलीकडे बादली घेऊन संडासांकडे जात असेल. आईला हे कसं दिसतं, ते मला तिलाच विचारायचं आहे. तिनं एसटीतल्या त्या बाप्यासारखाच उलट प्रश्न केला तर काय सांगायचं, याची तयारी अजून झालेली नाही.